टोलेडोची शेवटची बस

बायकोला ‘तुला काय हवं’ असं कधी विचारू नये, असं माझं मत आहे. विचारायचंच असेल तर दुकानात उभं राहून विचारावं, म्हणजे उत्तर निदान फळीवरून काढून बांधून देता येण्यासारखं तरी येतं. मी ते स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता विचारलं.

“जूनमध्ये लग्नाला चाळीस वर्षं होतील,” मी म्हटलं. “काय हवं तुला?”

आर्लीनने हातातली बशी निथळत ठेवली. “फ्रीझर नको,” ती म्हणाली.

पंचविसाव्या वर्षी मी तिला फ्रीझर दिला होता. साधासुधा नव्हे, आत अख्खं हरीण मावेल असा. अजून चालू आहे. पण चांगल्या वस्तूची आठवण चांगल्या शब्दांत काढावी ही रीत आमच्या घरात नाही.

“मला आपल्या त्या गाण्यावर एकदा तुझ्याबरोबर नाचायचंय,” ती पुढे म्हणाली. “ऑगस्टमध्ये गुडघा कापणार आहेत. नंतर तो माझं ऐकेल की डॉक्टरांचं, कोणी सांगावं. त्याआधी एकदाच. आणि खरं गाणं हवं. तू न्हाणीघरात म्हणतोस ते नको.”

मी ‘बघू’ म्हटलं. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ‘बघू’ म्हणजे लेखी करार असतो. मनात मात्र मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की नुसतं गाणंच नव्हे, तर ते ज्या यंत्रावर वाजलं ते यंत्रसुद्धा आणायचं, आणि तिला शेवटपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही. माझं काय चुकलं असं पुढे अनेकांनी विचारलं. ते हेच.

ते गाणं म्हणजे ‘टोलेडोची शेवटची बस’. टॅमरॅक गावात ते माहीत नसलेला माणूस एकतर अजून जन्मायचा आहे, नाहीतर इलिनॉयहून सुट्टीला आलेला आहे. गावाबाहेर ‘लेकव्ह्यू’ नावाचा सपर क्लब, म्हणजे रात्रीच्या जेवणाची आणि नाचाची जागा, होती. तिथून तळं दिसायचं नाही, पण मासे तळ्यातले असायचे, तेवढ्यावर आम्ही ते नाव चालवून घेत होतो. दर शुक्रवारी तिथे तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, ब्रँडी आणि कोपऱ्यात रंगीत काचांचा उंच ज्यूकबॉक्स. पाच सेंटचं नाणं टाकायचं, नावासमोरचं बटण दाबायचं, की आतून एक तबकडी डुलत डुलत वर यायची. त्या काळच्या यंत्रात तबकडीची एकच बाजू वाजायची, जी वर असेल ती.

आणि मग ती बाई गायला लागायची. संथ वॉल्ट्झ. दारातला दिवा राहू दे, मी येतेच आहे, वाट लांब आहे, पण मी येतेच आहे. बस्, एवढंच. गंमत अशी की अख्ख्या गाण्यात बसही नाही आणि टोलेडोही नाही.

यावर आमच्या गावाने जेवढा विचार केला आहे तेवढा शाळेच्या नव्या इमारतीवर केला नाही. बहुमत असं, की ती बाई टोलेडोहून शेवटच्या बसने येते आहे आणि हे सांगायची गरज नाही, म्हणूनच ते नावात घातलं आहे. नगर कार्यालयातल्या व्हर्नाचं म्हणणं, की ती बाई येतबीत काही नाही, बस केव्हाच चुकली आहे आणि दिव्याचं तेल फुकट जातं आहे. आमच्या चर्चच्या पास्टर टॉलेफ्सननी तर त्यावर ईस्टरनंतरच्या रविवारी प्रवचन दिलं होतं. बस दिसत नाही, तशी कृपाही दिसत नाही, पण थांब्यावर उभं राहावं लागतं. लोक रडले होते. शेजारचा वॉली झेलिन्स्की एकदा मेहुणीच्या लग्नाला टोलेडोला गेला, तेव्हा मुद्दाम बसस्थानकावर जाऊन शेवटची गाडी पाहून आला. “साधी बस आहे,” त्याने परत येऊन सांगितलं, “पण पाहताना गळा दाटून येतो.”

याच गाण्यावर मला आर्लीन मिळाली. ही हकिगत मी प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि दोन अंत्यविधींना सांगितली आहे. ती परगावची, मावशीकडे पाहुणी आलेली. शुक्रवारी लेकव्ह्यूत शिरली, सरळ ज्यूकबॉक्सकडे गेली, नाणं टाकलं, ‘टोलेडोची शेवटची बस’चं बटण दाबलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. खोलीत गावातली सगळी तरणी पोरं होती. वॉलीसुद्धा होता, आणि वॉली नाचायला लागला की लोक जेवण थांबवून बघायचे. पण तिने गाणं लावलं ते खांबाला टेकून उभ्या असलेल्या लॉइड बेंकीसाठी. आता कोणी म्हणेल, यात बढाई आहे. आहे. माणसाजवळ एकच पदक असलं तर तो ते कोटावर लावणारच.

त्या गाण्यांविषयी बोलायचं तर मी हळवा होतो, म्हणून एकदाच बोलतो. आमच्याकडची माणसं जर्मन, नॉर्वेजियन आणि पोलिश. प्रेम असलं तरी ते तोंडाने बोलायचं म्हणजे आम्हाला दात काढून घेण्यासारखं. पोरीला फार फार तर ‘आज वारा बरा आहे’ म्हणायचं आणि लाल व्हायचं. अशा माणसांसाठी ती गाणी होती. पाच सेंटमध्ये तुमच्या वतीने कोणीतरी गोड गळ्याचा माणूस सगळं बोलून टाकायचा. तोही घाई न करता, एकेक शब्द कळेल असा, मागे व्हायोलिनं ठेवून. तीन मिनिटांत त्याचं बोलणं संपायचं आणि तुम्ही नुसते उभे राहून खरे ठरायचा. बँकेतले कारकून, दूधवाले, माझ्यासारखे पाणीखात्यातले हिशेबनीस, सगळ्यांची लग्नं त्या गळ्यांनी जुळवली आहेत. ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांचे पुतळे व्हायला हवे होते. आमच्या चौकात तोफ आहे.

असो. लेकव्ह्यू बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. चौकशी करता कळलं, ज्यूकबॉक्स मालकाच्या मुलाकडे कोठारात पडला आहे. मी आणि वॉली त्याची गाडी घेऊन गेलो. वॉलीला बरोबर घेणं भाग होतं, कारण गाडी त्याची होती, आणि गाडीबरोबर सल्ला फुकट मिळतो.

ज्यूकबॉक्स होता. त्यात एक कोंबडी उबवायला बसली होती.

“यंत्र घेऊन जा,” मुलगा म्हणाला. “पण तिला उठवायचं नाही.”

पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबावं लागलं. दरम्यान मी तबकड्यांविषयी विचारलं, तर त्याने आनंदाने सांगितलं की त्या त्याने हवेत फेकून बंदुकीने उडवल्या. “फार छान फुटतात हो,” तो म्हणाला. मी टोपी काढली. त्याला वाटलं गरम होतंय.

म्हणजे आता तबकडी शोधणं आलं. मिलवॉकीच्या एका जुन्या तबकड्यांच्या दुकानाला मी फोन केला आणि नाव सांगितलं. दुकानदार म्हणाला, “आहे की! फार चांगलं गाणं.” मला त्या माणसाचा आदर वाटला. आठवड्याने पार्सल आलं. टपालखात्याने ‘नाजूक’ हा शिक्का नेमका तबकडीच्या मधोमध, ताकद लावून मारला होता. आत पुष्कळसे तुकडे होते. वॉलीने ते जोडून बघू या म्हणून डिंक आणला. तबकडी जुळली नाही, पण वॉलीचं बोट जुळलं. ते सोडवायला बर्निसला, म्हणजे त्याच्या बायकोला, कोमट पाणी करावं लागलं.

दुसरी तबकडी मी स्वतः जाऊन आणली, मांडीवर घेऊन, नातवाला आणावं तशी. वॉलीच्या गॅरेजमध्ये त्याच्या आईचा जुना ग्रामोफोन होता. आम्ही गंभीर चेहऱ्याने खुर्च्यांवर बसलो. सुई टेकली आणि आतून एकदम ट्रम्पेटांनी गिल्ला केला, एक पुरुष ‘चढा चढा, टोलेडो, टोलेडो!’ असं बोंबलायला लागला आणि मागून बसच्या भोंग्यासारखं काहीतरी दोनदा वाजलं. वॉलीचा पाय आपोआप ठेका धरायला लागला. मी सुई उचलली.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“ठेका चांगला आहे,” वॉली म्हणाला.

“वॉली, हे आपलं गाणं आहे का?”

“नाही. ही नक्कल आहे,” वॉली म्हणाला. असल्या बाबतीत त्याला एका सेकंदात कळतं. “एखादं गाणं गाजलं की दुसरे बँडवाले तेच नाव घेऊन आपलं काहीतरी वाजवतात. तुला गंडवलं.”

मी दुकानदाराला फोन केला. मी शांत होतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला कदाचित तसं वाटलं नसेल. त्याने दुसरी प्रत पाठवली. तीच ट्रम्पेटं. मी शिकागोला लिहिलं. शिकागोहून तीच ट्रम्पेटं आली. असल्या गाण्याच्या तीन-तीन प्रती माझ्याकडे जमल्या. त्यातल्या एकीवर वॉली बसला आणि एक बर्निसने कुंडीखाली घेतली. मागच्या बाजूला काय आहे हे पाहायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. सभ्य माणूस तबकडीची पुढची बाजू वाजवतो. मागे भरतीचं गाणं असतं, हे कोणीही सांगेल.

गाण्याचा पत्ता नसताना यंत्र मात्र पुढे सरकत होतं. समारंभ चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये ठरला होता, म्हणून ज्यूकबॉक्स तिथे उतरवायचा होता. वॉलीने जिना डोळ्यांनी मोजला आणि “लोण्यासारखा जाईल,” असं सांगितलं. निम्म्या जिन्यावर तो अडकला. वरही येईना आणि खालीही जाईना. तेव्हा तळघरातून शिंकल्याचा आवाज आला.

“खाली कोण आहे?” मी विचारलं.

“गोधड्यांचा गट,” खालून बर्निस म्हणाली. “वॉली, तू आहेस का तिथे? मला वाटलंच.”

जिना एकच होता. खाली दहा-बारा बायका, एक अर्धी गोधडी आणि कॉफीचं मोठं भांडं. वर आम्ही. मध्ये ज्यूकबॉक्स. पास्टर टॉलेफ्सन धावत आले. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग साबण आणला. साबणाने यंत्र हललं नाही, पण पायऱ्या मात्र अशा झाल्या की पास्टर स्वतः वरून यंत्रापर्यंत बसून आले. खालच्या बायकांना त्याची काही चिंता नव्हती. त्यांनी यंत्राच्या फटीतून आम्हाला वर लिंबाच्या वड्या पाठवल्या आणि ‘टोलेडोची शेवटची बस’ म्हणायला घेतलं. सगळ्या कडव्यांसकट. एकीचाही शब्द चुकला नाही. मी जिन्यावर साबणात बसून ऐकत होतो आणि मला लाज वाटेल इतकं भरून आलं. शेवटी सुताराने कठडा कापला. कठड्याचा खर्च समारंभाच्या खात्यात घालावा असं चर्चच्या मंडळाने सुचवलं. समारंभाचं खातं म्हणजे मी.

यंत्र खाली पोचलं त्या दुपारी मला नगर कार्यालयातून बोलावणं आलं. तिथे व्हर्ना बसते. व्हर्ना आणि मी एका वर्गात होतो. रस्त्यात ती मला ‘ए लॉइड्या’ म्हणते. पण काउंटरच्या पलीकडे गेली की तिला माझं नाव आठवत नाही.

“आपण मिस्टर बेंकी का?” तिने चष्म्यातून विचारलं.

“व्हर्ना, मी काल तुझ्याकडे पत्ते खेळलो.”

“आपण नाणं टाकून चालणारं करमणुकीचं यंत्र सार्वजनिक जागी आणलं आहे असं ऐकण्यात आलं. परवाना?”

मी म्हटलं, यंत्र एक संध्याकाळ वाजणार आहे. ती म्हणाली, जुगाराचं यंत्रसुद्धा एका संध्याकाळीच माणसाला बुडवतं. अशा परवान्याला जाहीर सुनावणी लागते आणि पुढची सुनावणी सप्टेंबरात होती. मी म्हटलं, नाण्याची फट बंद करून टाकतो. ती म्हणाली, खुशाल करा. पण नाण्याशिवाय ते यंत्र ढिम्म हलत नाही हे ती जाणून होती. तिनेही त्यात आयुष्यातली बरीच नाणी टाकली होती.

“आर्लीनचा गुडघा ऑगस्टमध्ये आहे, व्हर्ना,” मी म्हटलं.

व्हर्नाने एकदा दाराकडे पाहिलं. मग तिने खणातून एक जाड पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि हळू आवाजात म्हणाली, “फिरत्या सर्कशीला सुनावणी लागत नाही. तंबू किती?”

“तंबू नाही.”

“हत्ती?”

“व्हर्ना!”

“मिस्टर बेंकी, मला चौकोन भरायचा आहे. हत्ती?”

“नाहीत.”

“इतर हिंस्र प्राणी?”

मी वॉलीचा विचार केला आणि ‘नाहीत’ म्हटलं. परवाना मिळाला. मी कृतज्ञतेने घरी गेलो. त्या गुरुवारी गावच्या वर्तमानपत्रात, अधिकृत सूचनांखाली, छापून आलं: ‘श्री. लॉइड बेंकी यांस फिरत्या सर्कशीचा परवाना देण्यात आला आहे.’

आर्लीनने ते नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. मी अंड्याकडे बघत राहिलो.

“चाळीस वर्षं सर्कस चालू आहे,” ती म्हणाली. “परवाना आत्ता मिळाला होय?”

मग ती पान उलटून हवामान वाचायला लागली. पण आठवडाभर पोरं आमच्या कुंपणावर चढून हत्ती शोधत होती, आणि पाणीखात्यात माझ्या टेबलावर रोज सकाळी कोणीतरी शेंगदाणे ठेवून जात होतं. मी ते शांतपणे खाल्ले. आत्मसन्मान आत्मसन्मानाच्या जागी, पण शेंगदाणे चांगले होते.

समारंभ तोंडावर आला. हॉल सजला, जेलीच्या सॅलडांच्या भांड्यांना करणाऱ्यांची नावं चिकटवली गेली, यंत्राच्या काचा चमकायला लागल्या. आणि माझ्याकडे गाणं नव्हतं. शिल्लक होती ती ट्रम्पेटांची एक तबकडी. तिला मला हातही लावावासा वाटत नव्हता. चाळीस वर्षांत आर्लीनने मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती मागितल्यावर मी फ्रीझरवाल्या माणसाच्या तोंडाने पुन्हा ‘जमलं नाही’ म्हणणार होतो. मी खरंच झोपलो नाही.

“निदान यंत्र चालतं का ते बघू,” आदल्या दुपारी वॉली म्हणाला. “कुठलीही तबकडी टाक.”

मी रागारागाने ती एकुलती एक तबकडी यंत्रात टाकली. कशी टाकली याच्याकडे माझं लक्ष नव्हतं, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. वॉलीने नाणं टाकलं. पास्टर कानांत बोटं घालून तयार राहिले. तबकडी डुलत डुलत वर आली, सुई टेकली, आणि व्हायोलिनं वाजायला लागली.

दारातला दिवा राहू दे, मी येतेच आहे.

पास्टरांनी कानांतली बोटं काढली. टेबलांवर कागद अंथरणारी बर्निस तशीच कागद धरून उभी राहिली. तो आवाज खरोखरच तसाच होता. आठवणीत आपण गोष्टींना साखर लावून ठेवतो, मग खरी गोष्ट समोर आली की पांचट लागते. इथे उलट झालं. आठवणच पांचट होती. ती बाई आम्हाला आठवत होती त्याहून कितीतरी बरी गात होती.

गाणं संपल्यावर वॉलीने डोळे पुसले आणि म्हणाला, “मी सांगत नव्हतो, शिकागोवाल्यांनी बरोबर पाठवली आहे?”

मी तबकडी बाहेर काढली. वर आलेल्या बाजूच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘दारातला दिवा राहू दे’. मी उलटी केली. दुसऱ्या बाजूला: ‘टोलेडोची शेवटची बस’. मी पुन्हा उलटी केली. माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू, गंजलेल्या नळासारखं, फिरायला लागलं. लेकव्ह्यूत ज्याने कोणी तबकड्या भरल्या, त्याने ही तबकडी उलटी टाकली होती आणि बटणासमोर चिठ्ठी मात्र पुढच्या बाजूच्या नावाची लावली होती. यंत्राला दुसरी बाजू वाजवता येत नव्हती. तेव्हा आमच्या गावाने ते नाव कधी खोटं पडताना ऐकलंच नाही.

हे मी मोठ्याने सांगितलं. सांगायला नको होतं.

“म्हणजे मी टोलेडोला बसस्थानकावर जाऊन रडलो ते कशाला?” वॉली म्हणाला.

“माझं प्रवचन,” पास्टर म्हणाले आणि घडीच्या खुर्चीवर बसले. त्या प्रवचनाची वरच्या कार्यालयातून वाखाणणी झाली होती. “लॉइड, हे तू अगदी नक्की पाहिलं आहेस का?”

बर्निसने व्हर्नाला बोलावलं. व्हर्नाने दोन्ही बाजू वाचल्या आणि काउंटरच्या आवाजात म्हणाली, की चिठ्ठी एक आणि गाणं दुसरं, ही फसवणूक आहे. तबकडी सुलटी करा नाहीतर चिठ्ठी बदला. वॉली म्हणाला, या गावात त्या गाण्याचं नाव काय आहे हे मिलवॉकीने सांगायचं नाही. व्हर्ना म्हणाली, वॉली, तू गप्प बस. वॉलीने मत घ्यायला सांगितलं. हॉलमध्ये जे होते त्यांनी हात वर केले आणि टॅमरॅक गावापुरतं ते गाणं ‘टोलेडोची शेवटची बस’ राहील असं ठरलं. विरोधात एकटी व्हर्ना. पास्टरांनी मत दिलं नाही. ते म्हणाले, त्यांना आता सगळाच नव्याने विचार करावा लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव तळघरात जमलं. आर्लीनने निळा झगा घातला होता. ती कापलेल्या कठड्याच्या जिन्यावरून गुडघा सांभाळत उतरली, समोर ज्यूकबॉक्स पाहिला आणि तिथेच थांबली. रंगीत दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर येत होता. माझ्या सगळ्या तुकड्यांचे, साबणाचे आणि शेंगदाण्यांचे पैसे त्या एका क्षणात वसूल झाले. मी नाणं टाकलं, बटण दाबलं आणि हात पुढे केला.

मला नाचता येत नाही. मी गाण्याच्या अंदाजाने एका जागी डुलतो. तिला तेच हवं होतं, असं ती म्हणाली. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, आणि ती बाई गात राहिली. लोक हातात बशा धरून उभे होते. मला वाटलं, हीच वेळ, आता तिला माझा शोध सांगावा.

“आर्लीन,” मी तिच्या कानात म्हटलं, “एक गंमत आहे. या गाण्याचं नाव ‘टोलेडोची शेवटची बस’ नाहीच. तबकडी उलटी टाकलेली होती. दुसऱ्या बाजूला आहे ती बस.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“आमच्या घरी होती ती तबकडी. माझ्या बहिणीची. आम्ही दोघी बसच्या बाजूवर एवढ्या नाचायचो की वडिलांनी ती लपवून ठेवली.”

मी डुलत होतो, पण कसा ते आठवत नाही. “मग त्या शुक्रवारी लेकव्ह्यूत…”

“त्या शुक्रवारी मी बस लावली, लॉइड. मावशीने सांगितलं होतं की या गावात झेलिन्स्की नावाचा एक मुलगा आहे, नाचताना त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्याच्याबरोबर नाचायचं म्हणून लावली.”

वॉली तेव्हा टेबलापाशी तिसऱ्यांदा बटाट्याचं सॅलड वाढून घेत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चमचा वर करून मला शाबासकी दिली.

“आणि लागलं हे,” आर्लीन म्हणाली. “यंत्रापाशी उभा असलेला वॉली म्हणाला, हे तर झोपेचं गाणं आहे, तोवर मी बिअर घेऊन येतो. म्हणून मी वळले. तू खांबाला टेकून उभा होतास. ओठ हलवून सगळे शब्द म्हणत होतास आणि कोणी बघत नाही असं समजत होतास. मग तू विचारलंस, आणि आपण नाचलो.”

माझे पाय थांबले. चाळीस वर्षं, सगळी बारशी, सगळी लग्नं, आणि ते दोन अंत्यविधी. “म्हणजे ते नाणं माझ्यासाठी नव्हतंच,” मी म्हटलं.

“पहिलं नव्हतं.”

“पहिलं?”

“गाणं संपल्यावर मी पुन्हा यंत्राकडे गेले ना! वॉली तिथेच उभा होता, दोन ग्लास घेऊन. मी दुसरं नाणं टाकलं आणि तेच बटण पुन्हा दाबलं.” तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “तेव्हा काय लागणार ते मला ठाऊक होतं.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. जन्मभर ते बोलणं मी पाच सेंटवर सोपवत आलो, आणि नेमकं आता गाणं संपलं होतं. तबकडी खाली गेली, व्हायोलिनं थांबली, तळघर शांत झालं. मी तोंड उघडलं.

“नंतर बोल,” आर्लीन म्हणाली आणि तिने हात पुढे केला. “अजून एक नाणं आहे का तुझ्याकडे?”